पोटखराबा

गवत बघायला कोणी घरातून निघत नाही. दक्षिण डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्ककडे धावणाऱ्या गाड्यांमधली माणसं तर नाहीच नाही. त्यांना हवे असतात सुळके, कडे, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती आणि त्यांच्यासमोर उभं राहून काढलेला फोटो. गवत म्हणजे तिथवर पोचेपर्यंत सोसायचा कंटाळा.

मिनेसोटातून पश्चिमेला येताना चेंबरलेन गावापाशी मिसुरी नदी लागते. नदीच्या अलीकडे दुतर्फा मका नाहीतर सोयाबीन, फूटपट्टीने आखलेले चौकोन. पलीकडे गेलं की शेतं मागे पडू लागतात, वस्त्या विरळ होतात आणि गवताचा अंमल सुरू होतो. मैलोगणती संथ चढउतार, वर अफाट आभाळ, मधूनच काळ्या गाईंचा कळप आणि रस्त्याकडेला 'वॉल ड्रग'च्या पाट्या. 1931 साली वॉल नावाच्या गावात एका जोडप्याने औषधाचं दुकान घेतलं, गिऱ्हाईक फिरकेना. 1936 च्या उन्हाळ्यात त्यातल्या बाईंना युक्ती सुचली, की हमरस्त्यावर पाट्या लावू : बर्फाचं गार पाणी फुकट. दुकान असं चाललं की आजही चालतंय. जिथे पेलाभर गार पाण्याच्या आमिषाने माणसं गाडी वळवतात तो मुलूख किती कोरडा असेल, हे त्या पाटीवरूनच कळावं. वर्षाला सरासरी 400 मिलिमीटर पाऊस. माणदेशातल्या माणसाला हा आकडा परका वाटणार नाही.

"मावशी, डुलकी काढ हवी तर," गाडी चालवणारी माझी भाची म्हणाली. "आता तासभर काही नाहीये बघायला."

बॅडलँड्सची रचना सांगायला सोपी आहे. उत्तरेला, वरच्या पातळीवर, गवताचं पठार. दक्षिणेला, खालच्या पातळीवर, गवताचंच मैदान आणि त्यातून जाणारी व्हाइट नदी. दोहोंच्या मधे साधारण 100 किलोमीटर लांबीची, झिजून दातेरी झालेली कड. तिला इथे नुसतं 'वॉल' म्हणतात. बहुतेक पर्यटक या भिंतीच्या कडेकडेने गाडीतून जातात, ठरवून दिलेल्या जागी उतरतात, कठड्याशी उभे राहून खाली बघतात आणि पुढे सरकतात. कॅसल ट्रेल नावाची पायवाट मात्र भिंतीच्या माथ्याजवळून, गवत आणि सुळके यांच्या शिवेवरून जाते. एका बाजूने 8 किलोमीटर, चढउतार नावापुरता, खुणेला ठिकठिकाणी रोवलेले तांबडे खांब. वाटेत सावली नाही, पाणी नाही. ओहोळात पाणी असलंच तर ते इतक्या बारीक गाळाने भरलेलं असतं की गाळणारं यंत्रही तुंबतं. तेव्हा पाणी पाठीवर घ्यायचं आणि चालू लागायचं.

सह्याद्रीत पाय घडलेल्या माणसाला इथे सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होतं. आपल्याकडे चालण्याला शेवट असतो. गड असतो, दरवाजा असतो, माथ्यावर पाण्याचं टाकं आणि एखादं पडकं देऊळ असतं. घाम गाळायचा, वर पोचायचं, भाकरी सोडायची. इथे चढून जावं असं काही नाही आणि पोचावं असं ठिकाण नाही. शिवाय उद्यानाचा नियम असा, की पायवाट सोडून मनाला येईल तिकडे चाला, आडकाठी नाही. सप्टेंबर सरत आला होता, ऊन कलतं झालं होतं. पूर्वेच्या टोकाकडून आम्ही पश्चिमेला निघालो. डाव्या हाताला सुळके, उजव्या हाताला गवत. माझं लक्ष अर्थातच डावीकडे.

एका सुळक्याला हात लावला आणि दचकले. दगड नव्हताच तो. वरचा पापुद्रा ज्वारीच्या लाह्यांसारखा फुललेला, हलका, फुसफुशीत. बोटाने दाबला तर चुरा झाला. ज्यांच्यासाठी अर्धा देश ओलांडून माणसं येतात ते मनोरे मातीचे होते. भाचीने बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओतलं. लाह्या आधी गप्प बसल्या, मग सगळं पाणी पिऊन फुगल्या आणि बघता बघता तिथे बुळबुळीत चिखल झाला. तो बोटांत घेऊन मळला तेव्हा बोटांनी ओळख दिली. ही आपल्या काळ्या रानातली चिकण. रंग वेगळा, जात तीच. आपली काळी माती बेसाल्ट कुजून झाली. इथल्या मातीत पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची वाऱ्यावर आलेली राख आहे. दोन्हीतून स्मेक्टाइट गटातली चिकणमाती तयार होते. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. आपल्याकडे उन्हाळ्यात रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि मृगात वहाणांना शेर शेर माती चिकटते, तो हिचाच प्रताप. इथले रँचवाले तिला 'गंबो' म्हणतात आणि पावसात कच्च्या रस्त्यावर गाडी घालत नाहीत.

या मातीच्या भिंतीत थरावर थर आहेत, आणि ते वाचायला भूशास्त्राची पदवी लागत नाही. सगळ्यात खाली काळपट शेल, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पोटातून पूर्वी पसरलेल्या एका उथळ समुद्राचा तळ. आपल्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामात जे शंखासारखे अमोनाइट दिसतात त्यांचे भाऊबंद या थरात मिळतात. तो समुद्र ओसरला त्याच सुमारास, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, इकडे दख्खनवर लाव्ह्याच्या लाटा पसरत होत्या. उघड्या पडलेल्या समुद्रतळाची माती झाली, तिचा पिवळा थर. त्यावर करडा थर, सुमारे 3.7 ते 3.4 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे दमट जंगल होतं आणि त्यात गेंड्यासारखी दिसणारी प्रचंड टायटनोथेर जनावरं चरत होती. मग पृथ्वी थंडावली, हवा कोरडी होत गेली, जंगल विरळ झालं. त्या काळाचे, 3.4 ते 3 कोटी वर्षांपूर्वीचे, तांबडे-फिकट पट्टे सुळक्यांच्या वरच्या अंगाला आहेत. प्रत्येक तांबडा पट्टा ही एकेकाळची जमीन आहे : पूर आला, गाळ बसला, त्यावर झाडोरा उगवला, पुन्हा पूर आला आणि ती गाडली गेली. या पट्ट्यांतून तीन खुरांच्या, कुत्र्याएवढ्या घोड्यांची हाडं निघतात. 1993 मध्ये वाटसरूंना मातीतून वर आलेला पाठीचा कणा दिसला; चार दिवसांत उरकेल म्हणून सुरू केलेलं उत्खनन 15 वर्षं चाललं आणि 19,000 हून अधिक हाडं मिळाली. पहिलं जनावर डुकराच्या जातीचं समजून त्या जागेचं नाव 'बिग पिग डिग' ठेवलं होतं. निघाला बिनशिंगी गेंडा. नाव तेच राहिलं. 2010 मध्ये तर सात वर्षांच्या एका पाहुण्या मुलीला माहिती केंद्राजवळच सुळेदार, मांजरासारख्या दिसणाऱ्या जनावराची कवटी सापडली.

हे सगळं सापडतं त्याचं कारण एकच, की भिंत सतत झडते आहे. इथून दीडेक तासाच्या अंतरावर ब्लॅक हिल्समधला ग्रॅनाइट आहे, ज्यात माउंट रशमोरचे चेहरे कोरले. तो इंचभर झिजायला 10,000 वर्षं घेतो. बॅडलँड्स वर्षाला सरासरी इंचभर झिजतं. नदीनाल्यांनी हे कोरीवकाम सुमारे 5 लाख वर्षांपूर्वी हाती घेतलं, आणि अजून 5 लाख वर्षांत इथे कोरायला काही शिल्लक राहणार नाही. भाचीने ज्या सुळक्यापुढे माझा फोटो काढला तो ती चाळिशीची होईतो वीतभर तरी खाली बसलेला असेल.

मेडिसिन रूट नावाची वाट जिथे फुटते तिथे आम्ही सुळक्यांना पाठ करून गवतात शिरलो. दुरून हे गवत एकसुरी, पिवळट दिसतं. आत पाऊल टाकलं की त्याचे वाडे वेगळे होतात. निळसर झाक असलेलं, ताठ पात्याचं वेस्टर्न व्हीटग्रास. बुटकं ब्लू ग्रामा, ज्याची कणसं दांड्याला आडवी, भुवईच्या आकारात लागतात. घोट्याच्याही खाली सतरंजी अंथरणारं बफेलोग्रास. आणि सप्टेंबरात तांब्याच्या रंगावर गेलेलं लिट्ल ब्लूस्टेम, ज्याच्या झुबक्यांतून ऊन आरपार येतं. उद्यानात 400 हून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. त्यांत नुसती गवतंच 60 च्या घरात. मधूनच निवडुंगाचे जमिनीलगतचे तुकडे, बूट बघून ठेवायला लावणारे. रॅटलस्नेकचंही हेच घर, त्यामुळे कान जागे.

थांबून पाणी पिताना घोट्यापाशी टोचलं. मोज्यातून बी काढली आणि हसूच आलं. टोकाला सुईसारखी अणकुचीदार, मागे हातभर लांब वाटावी अशी वळलेली शेपटी. नीडल-अँड-थ्रेड नावाच्या गवताची कुसळं ती. आजोळी माळावर गुरांमागे फिरून आलं की परकराच्या काठाला अशीच कुसळं लागलेली असायची, आणि आजी ओसरीवर बसून ती एकेक उपसायची. मी ती बी तळहातावर घेतली आणि जिभेने शेपटी ओली केली. क्षणभर काही नाही. मग शेपटीचा पीळ सुटू लागला आणि बी स्वतःभोवती सावकाश फिरू लागली. ओलावा मिळाला की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो; प्रत्येक फेऱ्यात टोक मातीत थोडं आत जातं. पाऊस कधी पडेल याचा भरवसा नसलेल्या मुलखात बीने स्वतःची पेरणी स्वतःच करायची सोय केलेली असते. माणदेशातल्या कुसळी गवताची हीच तऱ्हा. दोघांची जात वेगळी, खंड वेगळा, पण अडचण एक आणि तोडही एकच.

"बघ, फिरतेय," म्हणून भाचीपुढे हात केला. तिने मोबाइल काढला. त्या दिवशी तिने काढलेला सुळक्यांखेरीजचा हा पहिला फोटो.

गवताचं मुख्य घर जमिनीखाली असतं. वरती गुडघ्याएवढं दिसणारं लिट्ल ब्लूस्टेम खाली 5 फुटांच्या पुढे मुळं सोडतं. वणवा आला, बायसननी चरून बोडकं केलं, हिमात वरचं सगळं मेलं, तरी मुळं शाबूत असतात. ती मुळं मातीचा कण न् कण धरून ठेवतात. ही धरून ठेवण्याची ताकद केवढी, ते सॅडल पासच्या फाट्यावर उभं राहिल्यावर समजलं.

सॅडल पास ही भिंतीतली खिंड. तिथून खालचं मैदान आणि लांबवर व्हाइट नदीची रेघ दिसते. वर गवत, खाली गवत, मधे नागडी भिंत. पाठीमागच्या पठाराची कड नीट बघितली. गवताची गादी कडेपर्यंत येऊन अचानक तुटलेली होती, तुटलेल्या जागी मुळांच्या जटा लोंबत होत्या, आणि त्यांच्याखालची माती निसटलेली होती. भिंत पाऊसकाळागणिक मागे हटते आणि वरचं पठार खात जाते. निसटलेली माती खाली जाऊन पसरते, नदीकडे वाहते, वाटेत जिथे स्थिरावते तिथे पुन्हा गवत धरतं आणि खालचं मैदान वाढतं. काही ठिकाणी तर भोवतालचं सगळं झडून गेलं तरी मधेच एखादा चबुतरा उभा असतो, सपाट माथ्याचा, आणि माथ्यावर गवताची टोपी. तेवढ्या वावभर जागेतल्या मुळांनी हार मानलेली नसते.

इतका वेळ मी गवत आणि सुळके अशी दोन दृश्यं बघत होते. खरं तर तिथे एकच गोष्ट चालू आहे. गवताची पकड आहे तोवर जमीन आहे. पकड सुटली की सुळके. जगभरातली माणसं बघायला येतात ती झीज, आणि तिला अडवून धरणारं ते 'काही नाहीये बघायला'.

हा नजरेचा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण जमिनीकडे बघायची नजर कागदावर उतरते आणि कागदावरून जमिनीवर. 1862 च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकन सरकारने वसाहतवाल्यांना दर कुटुंबामागे 160 एकर जमीन देऊ केली. अट एवढीच, की वस्ती करायची आणि ती कसायची. कोरड्या मुलखात 160 एकरांवर पोट भरत नाही असं दिसल्यावर 1909 मध्ये मर्यादा 320 एकरांपर्यंत वाढवली. लोक आले. लाकूड नव्हतं, म्हणून मुळांसकट गवताची ढेपळं कापून त्यांच्याच भिंती रचून राहिले. त्या काळचं असं एक घर उद्यानाच्या दारापासून जवळच अजून जपून ठेवलंय. मुळांनी बांधलेली माती किती घट्ट असते, हे त्यांना घर बांधताना कळलं होतं. तरी कसण्यासाठी त्यांनी तीच उलथली, कारण कायद्याच्या लेखी न उलथलेली जमीन म्हणजे नुसती पडलेली जमीन. मग 1930 च्या दशकातला दुष्काळ आला, नाकतोड्यांच्या धाडी आल्या, धूळ उठली आणि कुटुंबंच्या कुटुंबं गाशा गुंडाळून गेली. फुकट वाटलेली ती जमीन सरकारला पैसे मोजून परत घ्यावी लागली. आज उद्यानाला लागून असलेलं बफेलो गॅप राष्ट्रीय गवताळ क्षेत्र, जवळजवळ 6 लाख एकरांचं, बरंचसं अशा परत घेतलेल्या तुकड्यांतून उभं राहिलं.

ही जमीन वाटायला मुळात सरकारची होती का, हा त्याआधीचा प्रश्न. 1868 च्या फोर्ट लॅरामी तहाने मिसुरीच्या पश्चिमेचा दक्षिण डकोटाचा सगळा भाग लकोटा आणि त्यांच्या सोयऱ्या जमातींचा म्हणून मान्य केला होता. 1874 मध्ये ब्लॅक हिल्सला सोनं सापडलं आणि तहाचा नुसता कागद उरला. 1889 मध्ये उरलेल्या प्रदेशाचेही तुकडे पाडले. 1890 च्या हिवाळ्यात नव्या श्रद्धेने भारलेले लकोटा बॅडलँड्समधल्या एका उंच पठारावर, स्ट्राँगहोल्डवर, 'घोस्ट डान्स' करत होते. पूर्वज परततील, बायसनचे कळप परततील, ही त्यांची आस. त्याच डिसेंबरात बिग फूट या आजारी नायकाची टोळी याच भिंतीतल्या एका खिंडीतून खाली उतरली. 29 डिसेंबरला वुंडेड नी इथे लष्कराने त्यांना गोळ्या घातल्या. दीडशेहून जास्त माणसं मेली, काही हिशेबांनी तीनशेच्या आसपास. त्यांत बाया होत्या, पोरं होती.

लकोटांकडे उरलेल्या पाइन रिज राखीव प्रदेशातूनही 1942 मध्ये युद्धखात्याने 3,41,726 एकर जमीन घेतली. विमानातून गोळीबार आणि बाँबफेकीचा सराव करायला मोकळी, 'रिकामी' जागा हवी होती. तिथे 125 कुटुंबं राहत होती, त्यांना उठवलं. जुन्या मोटारींचे सांगाडे भडक पिवळे रंगवून निशाण्याला ठेवले, जमिनीवर नांगराने प्रचंड वर्तुळं काढली. न फुटलेला दारूगोळा तिथे अजून सापडतो. त्यातला काही भाग आज उद्यानाचा दक्षिण विभाग आहे आणि ओग्लाला लकोटांबरोबर मिळून सांभाळला जातो. चालताना मला नगरजवळच्या के. के. रेंजची आठवण आली. रणगाड्यांच्या सरावाला जागा लागते, हे नाकारता येत नाही. पण ती कुठली निवडायची, हे ठरवताना पहिलं बोट माळाकडे जातं, हे दोन्हीकडे सारखंच.

नंतर पश्चिमेकडच्या सेज क्रीक रस्त्याने गेलो. बायसन तिकडे असतात. एकेकाळी या खंडावर कोट्यवधी बायसन होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते जेमतेम हजारभर राहिले. इथे 1963 पासून पुन्हा आणून सोडले, आता कळप हजाराच्या आसपास आहे. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलेला एक बाप्या आमच्या गाडीकडे बघत रवंथ करत होता. घाई आम्हाला होती, त्याला नव्हती.

पण थांबून राहावं असं वाटलं ते प्रेअरी डॉगच्या वसाहतीपाशी. नाव कुत्र्याचं असलं तरी खारीच्या कुळातला हा गुबगुबीत जीव जमिनीत बिळांची गावं वसवतो आणि भोवतीचं गवत कुरतडून बुटकं ठेवतो. गुरांच्या तोंडचं खातो म्हणून रँचवाल्यांच्या डोळ्यांत तो सलतो. विसाव्या शतकात सरकारी खर्चाने विष घालून त्याला एकराएकराने हटवलं. याही खात्यावर नोंद होती 'उपद्रवी'. तो गेला तसा त्याच्यावर जगणारा, त्याच्याच बिळात राहणारा काळ्या पायांचा फेरेटही गेला. 1979 नंतर तो नामशेष झाला असंच धरून चालले होते. 1981 मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सी गावाजवळ एका रँचच्या कुत्र्याने मेलेला फेरेट दारात आणून टाकला, तेव्हा कळलं की काही उरलेत. शेवटचे 18 पकडून त्यांची वीण वाढवली. 1994 पासून ते बॅडलँड्समध्ये पुन्हा सोडले.

वसाहतीशेजारी पाटी होती : या प्राण्यांमध्ये प्लेग आहे, लांब राहा.

प्लेग म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला 1897 आठवतंच. रँड आठवतो, चापेकर आठवतात, प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या आणि त्यातच 10 मार्चला गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. इथल्या पाटीवरचा प्लेग वेगळा नव्हता. जंतू तोच आणि साथही तीच. 1894 मध्ये हाँगकाँगला पोचलेली ती साथ जहाजांतल्या उंदरांबरोबर 1896 मध्ये मुंबईत उतरली, तिथून पुण्याला गेली. पॅसिफिकच्या बाजूने ती 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उतरली. बंदरातल्या उंदरांच्या पिसवा डोंगरातल्या खारींवर गेल्या, खारींवरून प्रेअरी डॉगवर, आणि दर काही वर्षांनी थोडी पूर्वेला सरकत ती 2008 मध्ये या भागात दाखल झाली. माणसांत संपली म्हणून आपण पुस्तकात मिटवलेली साथ शंभराहून अधिक वर्षं इथल्या बिळाबिळांतून चालत होती. आता उद्यानाची माणसं बिळांमध्ये पिसवा मारायची भुकटी टाकतात आणि फेरेटना पकडून प्लेगची लस टोचतात. जिवांना आधी विष घालायचं, मग त्यांच्यावर जगणाऱ्यासाठी औषध घेऊन बिळाबिळाशी बसायचं. 'काही नाही' म्हणून मोकळं केलेलं काहीतरी महागात पडतं, ते असं.

माझ्या आजोळच्या जमिनीचा सातबारा मी एकदा नीट वाचला होता. त्यात लागवडीयोग्य क्षेत्राखाली एक रकाना असतो, पोटखराबा. खडकाळ, मुरमाड, चराऊ, नांगर न लागणारी जमीन त्यात जाते. तिला महसुलाचा आकार बसत नाही. आमच्या गटात चांगलीच मोठी पोटखराब जमीन आहे. म्हणजे तोच माळ, जिथे आषाढात कुसळी आणि पवन्या उगवतं, जिथे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरायचे, मेंढ्या बसायच्या, आणि त्यांच्या लेंड्यांनी खालची रानं सुपीक व्हायची. चंडोल, ससे, खोकड, लांडगे यांचा संसार याच रकान्यातला. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं ते अशाच माळांसाठी. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. पक्षी एका दिवसात नाहीसा झाला नाही. त्याचा माळ तुकड्यातुकड्याने कामाला लावला गेला : कुठे ऊस, कुठे कारखाना, कुठे सौर पॅनेल, कुठे सद्भावनेने केलेलं वृक्षारोपण. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात अशा खुल्या गवताळ जागांना पडीकच म्हटलेलं असल्यावर तिथे काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते.

परत आल्यावर मामेभावाला फोन केला. तो जेसीबी लावून माळ सपाट करायच्या विचारात होता. डाळिंब लावणार, पोटखराबा लागवडीखाली आणल्याची नोंद करून घेणार. मी गवताचं सांगायला लागले. मुळांचं, कडेवर तुटलेल्या गादीचं, उघड्या पडलेल्या मातीचं. त्याने ऐकून घेतलं.

"ताई, सगळं खरं. पण गवताचे पैसे कोण देतं?"

त्याच्या या प्रश्नाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. हप्ते त्याच्या डोक्यावर आहेत, माझ्या नाहीत. पण उत्तर मात्र दक्षिण डकोटातल्या हिशेबाच्या वह्यांत लिहिलेलं आहे. तिथे पैसे दिलेच गेले. मोडलेल्या जमिनी विकत घेताना दिले, बायसन पुन्हा आणून सोडताना दिले, फेरेटच्या लसीला आजही दिले जाताहेत. आणि ते एकट्या शेतकऱ्याने नव्हे, सगळ्या देशाने दिले. फक्त ते गवत गेल्यावर दिले. मामेभावाला माळ राखायचे पैसे आज कोणी देत नाही, कारण गवत जाग्यावर आहे तोवर आपल्या एकाही वहीत त्याच्या नावाचं पान नाही. ते पान उघडणं त्याचं काम नाही. ते सरकारचं आहे, आणि माळ लागला की खिडकीला डोकं टेकून डोळे मिटणाऱ्या आपल्या सगळ्यांचं आहे. जेसीबी पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे.